पेशंट नसले की स्टाफला मरगळ येते, दरवर्षी तेच: सांगलीत आमच्या डेंटल क्लिनिकमध्ये काय चाललं आणि काय नाही

विश्रामबागेत आमचं दोन खुर्च्यांचं क्लिनिक आहे. मी, एक ज्युनियर डॉक्टर, दोन असिस्टंट आणि रिसेप्शनवर एक ताई, एवढीच माणसं. एरवी दिवसाला १५-१६ पेशंट असतात पण वर्षातले काही आठवडे असे येतात की सकाळी १० ते दुपारी दीडपर्यंत दोन माणसं आली तरी खूप. पेशंट कमी होतात त्याचं मला एवढं वाटत नाही, ते परत येतातच. त्रास व्हायचा तो आतल्या हवेचा. रिसेप्शनवर मोबाईल, आतल्या खोलीत कुजबुज, ज्युनियर डॉक्टर रिकाम्या खुर्चीत बसून, आणि सगळ्यात वाईट म्हणजे अशा दिवशी एखादा पेशंट आलाच तर त्याला गर्दीच्या दिवसापेक्षा जास्त थांबावं लागायचं. ट्रे लावलेला नाही, फाईल सापडत नाही, एक्स-रेचा सेन्सर कुठं ठेवलाय ते कुणालाच माहीत नाही. जी माणसं शनिवारी संध्याकाळी पाय न टेकता काम करतात तीच माणसं मोकळ्या मंगळवारी चुका करतात. हे मी पाच-सहा वर्षं बघितलं, दरवेळी वेगळं काहीतरी करून बघितलं, त्यातलं बरंच फसलं. ज्यांच्याकडे हेच दुखणं आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितेय.

आधी एक तपासा, मंदी हंगामाची आहे का दुसऱ्या कशाची. मी एका रविवारी मागच्या तीन वर्षांच्या अपॉइंटमेंटच्या डायऱ्या जमिनीवर पसरून बसले आणि प्रत्येक आठवड्याचे पेशंट मोजले. चित्र एकदम स्वच्छ निघालं. पितृपक्षाचे पंधरा दिवस, कारण "कॅप पितरं झाल्यावर बसवू". अमावस्येच्या अलीकडे पलीकडे दाढ काढायला कुणी तयार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कोयनेतून पाणी सोडलं की सगळं गाव कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचे फूट मोजत बसतं, दात कोण दाखवणार. दहावी-बारावीच्या परीक्षा सुरू झाल्या की मुलं तर नाहीतच, त्यांच्या आयापण येत नाहीत. त्याच सुमाराला तासगाव, मिरज भागात द्राक्षं उतरायला लागतात आणि खेडेगावातला पेशंट महिना-दीड महिना दिसत नाही. ऋषिपंचमीला तासगावचा रथ असतो, त्या दिवशी त्या बाजूची अपॉइंटमेंट देऊच नये. दिवाळीचा आठवडा तर सगळ्यांनाच माहीत आहे. हे सगळं आपल्याला तोंडपाठ असतं पण आपण ते कुठं लिहीत नाही, म्हणून दरवर्षी पितृपक्ष आला की नव्याने घाबरतो. आता रिसेप्शनच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर जानेवारीतच पेन्सिलने हे आठवडे मार्क केलेले असतात.

या आठवड्यांच्या बाहेर पेशंट घटले तर मात्र हंगामावर ढकलू नका. एकदा नोव्हेंबरात, लग्नसराई तोंडावर असताना, संध्याकाळचे पेशंट निम्म्यावर आले. स्टाफ म्हणाला मंदी आहे, मीपण तेच धरून बसले. तीन आठवड्यांनी एका जुन्या पेशंटने सांगितलं की मॅपवर तुमचं क्लिनिक दुपारी २ ला बंद होतं असं दाखवतंय. वेळ दुरुस्त केली आणि आठवडाभरात गाडी रुळावर आली. म्हणून तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच पंधरवड्याशी करा, मागच्या महिन्याशी नको. सलग दोन महिने घट असेल आणि कॅलेंडरवर कारण नसेल तर फोन कोण उचलतंय, पेशंटला किती वेळ बसवतोय, कुणी दुखावून गेलंय का, हे बघायचं. त्याला खालचे उपाय लागू नाहीत.

आता मी काय काय चुकीचं केलं ते. पहिल्यांदा मोबाईलवर बंदी घातली, फोन ड्रॉवरमध्ये ठेवायला लावले, दोन दिवसांत सगळ्यांचे चेहरे सुजल्यासारखे झाले आणि काम काडीचंही वाढलं नाही. मग रिकामं बसू नका म्हणून कामं काढली, तेच ड्रॉवर परत पुसा, त्याच फायली परत लावा. माणसाला लगेच कळतं की हे काम कुणालाच नकोय, फक्त आपल्याला बसलेलं बघवत नाही म्हणून दिलंय. त्यात अपमान असतो, तो मला उशिरा समजला. मग स्केलिंगवर, म्हणजे दात साफ करण्यावर, सूट ठेवली. त्याने पेशंट थोडे आले पण पुढचे सहा महिने प्रत्येक जण घासाघीस करत होता, आणि ज्यांनी आधीच्या महिन्यात पूर्ण पैसे दिले ते नाराज झाले ते वेगळंच. शेवटी नवीन पेशंटमागे स्टाफला ठराविक रक्कम द्यायचा विचार आला होता, तो सोडला ते बरं झालं. पेशंट आणून दिल्याबद्दल कमिशन देणं-घेणं आपल्या आचारसंहितेत बसतच नाही, आणि ते बाजूला ठेवलं तरी रिसेप्शनवरच्या माणसाच्या डोक्यात एकदा पैसे शिरले की तिचा आवाज बदलतो, पेशंटला तो फोनवरसुद्धा कळतो.

खरं कारण मला आमच्या थोरल्या असिस्टंटने, मावशींनी, सांगितलं, तेही मी विचारलं नव्हतं तेव्हा. मावशी माझ्याकडे सगळ्यात जुन्या, माझ्या पहिल्या खुर्चीपासूनच्या. पितृपक्षातला बुधवार होता, संध्याकाळी ६ वाजले असतील, मी केबिनमध्ये बसले होते, त्या चहा ठेवायला आल्या आणि कप ठेवून तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मॅडम, पुढच्या महिन्यापासून आमच्यातल्या एकीला कमी करणार हाय का?" मला काही समजेना. मग कळलं की दहा दिवसांपूर्वी मटेरियलवाल्याच्या फोनवर मी बोलले होते, "सध्या काही नको, सगळं थंड आहे, आधी खर्च कमी करायचाय." ते बाहेर ऐकू गेलं होतं. दहा दिवस दोघी असिस्टंट आणि ताई, तिघीही हेच धरून बसल्या होत्या की कुणाचा तरी नंबर लागणार. धाकटी असिस्टंट दुसरीकडे चौकशी करून आलीसुद्धा होती. आणि मी त्याच आठवड्यात सगळ्यांना एकत्र बसवून उत्साहाने काम करा म्हणून अर्धा तास बोलले होते.

त्या दिवसापासून पहिला उपाय हाच, मंदीचा महिना सुरू व्हायच्या आधी पगाराचं स्पष्ट बोलायचं. मी त्यांना भाडं, लाईट बिल, खुर्चीच्या कर्जाचा हप्ता, लॅबचं बिल आणि सगळ्यांचे पगार मिळून महिन्याला किती लागतात ते कागदावर लिहून दाखवलं. मे महिना आणि डिसेंबर या चांगल्या महिन्यांतून थोडी थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकायला लागले, दोन महिन्यांचे पगार निघतील एवढी. आणि सांगितलं, पेशंट चार येऊ देत नाहीतर चाळीस, १ तारखेला पगार होणार, मंदीमुळे कुणाला काढणार नाही. हे एकदा बोलून भागत नाही, दरवर्षी बोलावं लागतं. ज्यांना एवढं राखून ठेवणं जमत नाही त्यांनी निदान काय होणार आहे ते खरं सांगावं, कारण काहीच न सांगता लांब चेहरा करून बसलं की समोरचा माणूस त्याहून वाईट धरून चालतो. फोनवर काय बोलतो याकडेही लक्ष ठेवा, आपल्या केबिनच्या भिंती पातळ असतात.

ज्युनियर डॉक्टरचं दुखणं वेगळं असतं. बहुतेक ठिकाणी त्याला केसमागे टक्केवारी मिळते, म्हणजे पेशंट कमी झाले की सगळ्यात आधी त्याचा खिसा रिकामा होतो आणि मग तो दुसऱ्या क्लिनिकच्या फेऱ्या वाढवतो. मी मंदीच्या महिन्यांत त्याला किमान ठराविक रक्कम ठरवून दिली, टक्केवारी त्याहून वर गेली तर तीच. बदल्यात त्या वेळात त्याने हात बसवायचा. काढलेल्या दाढा आम्ही निर्जंतुक करून बरणीत ठेवतो, त्या प्लास्टरच्या ठोकळ्यात बसवून तो वरच्या पहिल्या दाढेचं ॲक्सेस ओपनिंग करतो, म्हणजे मुळांपर्यंत जायची वाट उघडतो. या दाढेला मुळं तीन पण पुढच्या गालाकडच्या मुळात बहुतेक वेळा दुसरा बारीक कालवा (नसेची पोकळी) असतो, म्हणजे एकूण चार, आणि तो चौथा सुटला की रूट कॅनल करूनही दुखणं राहतं. गर्दीत हा कालवा शोधायला कुणाकडे वेळ असतो? एका मंदीत त्याने बारा-तेरा दाढा अशा उघडल्या, लूप्स (मोठं दाखवणारा चष्मा) लावून, प्रत्येकाचा फोटो काढून, आणि आता खऱ्या पेशंटमध्ये तो मला बोलवायच्या आधी स्वतः शोधून ठेवतो.

आता मुख्य गोष्ट, काम कुठून आणायचं. आमच्या क्लिनिकमध्ये, आणि मला खात्री आहे तुमच्याकडेही, अर्धवट राहिलेल्या कामांचा मोठा ढीग असतो जो गर्दीच्या दिवसांत दिसत नाही. रूट कॅनल झालं आणि कॅप बसवायला पेशंट आलाच नाही. दुखणं थांबलं की त्याच्या लेखी काम संपलं. पण रूट कॅनल केलेली दाढ आतून पोकळ झालेली असते, भिंती पातळ, कॅप नसली की एक दिवस शेंगदाणा किंवा सुपारी चावताना ती उभी चिरते आणि मग काढण्याशिवाय इलाज नसतो. काही जण तर मधूनच गायब होतात, टेम्पररी फिलिंगवरच. ते फिलिंग तीन-चार आठवड्यांच्या वर भरवशाचं नाही, कडेने लाळ झिरपते आणि केलेलं सगळं वाया जातं. शिवाय हिरड्यांचे पेशंट, ज्यांना तीन महिन्यांनी बोलावलं होतं आणि दीड वर्ष झालं. त्यात डायबेटिसवाले असतील तर त्यांना आधी फोन जायला हवा, कारण साखर आणि हिरड्यांची सूज एकमेकांना वाढवतात. मग कवळीवाले, ब्रेसेस काढल्यावर रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारं साधन) न वापरणारी मुलं.

ही यादी काढायचं काम मी ताईकडे दिलं, संपूर्ण तिच्याकडे. एक लांब वही घेतली, दोनशे पानी, तिच्यात रकाने आखले: नाव, गाव, काय राहिलंय, शेवटची तारीख, फोन केला का, काय म्हणाले. ती रोज रिकाम्या वेळात एक फाईलचा ड्रॉवर उघडायची आणि मला विचारून लाल पेनाने खूण करायची. पहिल्या दोन ड्रॉवरमध्येच कॅप राहिलेले ३४ पेशंट निघाले. ताई म्हणाली, "मॅडम, यातल्या निम्म्या लोकांना मी रोज बाजारात बघते की ओ." हा आकडा तिने स्वतः शोधलेला होता, त्यामुळे पुढे मला तिच्या मागे लागावं लागलं नाही.

फोन कसा करायचा यावर आम्ही खूप घोळ घातला. सुरुवातीला ती कागदावरचं वाचल्यासारखं बोलायची, "आपली ट्रीटमेंट अपूर्ण आहे, कृपया भेट द्या", आणि पलीकडचा माणूस बँकेचा फोन आल्यासारखा ठेवून द्यायचा. मग आम्ही दोघींनी समोरासमोर बसून सराव केला, मी पेशंट, ती ताई, नंतर उलट. शेवटी जे जमलं ते साधं होतं. आधी स्वतःचं नाव आणि क्लिनिक सांगायचं, मग "ती उजवीकडची खालची दाढ कशी आहे?" एवढंच विचारून गप्प बसायचं. माणूस दाढेबद्दल बोलायला लागतो. मग सांगायचं की कॅप नसली तर ती चिरू शकते, डॉक्टरांना काळजी वाटली म्हणून फोन केला. पैशाचा विषय त्याने काढला तरच. पैसे नाहीत म्हणाला तर लाजवायचं नाही, "मग कधी जमेल?" विचारायचं आणि वहीत लिहायचं. आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं, "उसाचं बिल आलं की येतो." नियमाप्रमाणे कारखान्याने १४ दिवसांत पैसे द्यायला हवेत पण ते पुढे मागे होतं, म्हणून ताई कारखान्याचं नाव लिहून ठेवते आणि बिलं जमा झाल्याचं कानावर आलं की त्या भागातले फोन लावते. द्राक्षवाल्यांना मार्च उलटल्यावर, हळदवाल्यांना त्यांचा माल निघाल्यावर. मंदीतले फोन मंदीतच खुर्ची भरतील असं नाही, बरेच पेशंट पुढच्या महिन्यात येतात, हे स्टाफला आधीच सांगून ठेवा नाहीतर चौथ्या दिवशी सगळे निराश होतात.

यातला एक फोन मला विसरता येत नाही. कवळीच्या यादीत मिरजेच्या पुढच्या एका गावातल्या आजी होत्या, दोन वर्षांपूर्वी कवळी बसवलेल्या, नंतर आल्याच नाहीत. ताईने विचारलं कवळी कशी आहे, तर आजी म्हणाल्या, डब्यात हाय. खालची टोचते म्हणून तिसऱ्या आठवड्यातच काढून स्टीलच्या डब्यात ठेवली होती, पोराला परत खर्चात कशाला घालायचं म्हणून कुणाला बोलल्या नाहीत. ताईने सांगितलं की आजी, घासून देण्याचे पैसे नसतात, या. नातू मोटरसायकलवरून घेऊन आला. आतल्या कडेला एक ठिकाण दाबत होतं, पेस्ट लावून बघितलं आणि घासलं, वीस मिनिटांचं काम. आठ दिवसांनी आजींनी स्वतः ताईच्या नंबरवर फोन केला, माझ्या नाही, "आता भाकरी तुटतीया गं." त्या दिवशी सकाळपासून तीन पेशंट झाले होते, पण ताईने तो फोन मावशींना, धाकटीला, मला, आणि संध्याकाळी आलेल्या लॅबच्या पोऱ्यालासुद्धा सांगितला. या कामाचे आम्हाला शून्य रुपये मिळाले.

मावशींचं वेगळं. त्यांना फोन नको, लिहिणं नको, त्यांचा जीव ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे हत्यारं वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनमध्ये. इतकी वर्षं त्या पाऊच लावायच्या, १२१ डिग्रीचं सायकल लावायचं, पाऊचवरच्या पट्टीचा रंग बदलला की झालं. मी एका मंदीत त्यांना बसवून सांगितलं की ती पट्टी फक्त एवढंच सांगते की पाऊचला वाफ आणि उष्णता लागली. आतले जंतू मेले की नाही हे बघायला स्पोर टेस्ट लागते. एका छोट्या बाटलीत जिवट जंतूंचे स्पोर असतात, ती भरलेल्या लोडच्या मधोमध ठेवून सायकल चालवायचं, मग आतली काच फोडून इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. सोबत तशीच दुसरी बाटली, ऑटोक्लेव्हमध्ये न घातलेली, तुलनेसाठी. जंतू जिवंत असतील तर आतलं जांभळं पाणी पिवळं होतं. आम्ही दोन्ही बाटल्या ठेवल्या, मावशी तासातासाला जाऊन बघत होत्या, दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी येऊन दारात उभ्या. हातात दोन्ही बाटल्या, एक पिवळी, एक जांभळी. "बघा, आपली जांभळीच हाय." त्यांनी ज्युनियर डॉक्टरलाही बोलावून दाखवलं, आणि धाकटीला म्हणाल्या, ही पिवळी म्हणजे आपण मशीन लावलंच न्हाई तर काय झालं असतं ते. तेव्हापासून दर सोमवारची टेस्ट त्यांची. तारीख, लोड, निकाल, त्यांची सही. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईची सही असलेली ती वही मी पेशंटला दाखवते, कुणी हत्यारं स्वच्छ असतात का विचारलं की. रबर गॅस्केट पुसणं, डिस्टिल्ड पाणी बदलणं, हे त्यांना आता सांगावं लागत नाही.

यावरून मला हे पटलं की काम देताना माणूस बघून द्यायचं आणि दिलं की त्यात नाक खुपसायचं नाही. धाकट्या असिस्टंटला दातांचं माप घ्यायच्या मिश्रणाची, अल्जिनेटची, भीती होती, गर्दीत तिने अल्जिनेट कालवलं की एकतर गुठळ्या नाहीतर ट्रे तोंडात जायच्या आधीच घट्ट. पेशंटसमोर मी वैतागायचे आणि ती आणखी घाबरायची. मंदीत मी जुनं पाकीट तिच्या हवाली केलं, रबराचा वाडगा, स्पॅच्युला, स्टॉपवॉच, आणि म्हटलं हे पाकीट संपव, वाया गेलं तरी चालेल. पावडर आधी पाण्यात भिजवून घ्यायची, मग वाडगा तळहातावर कलता धरून स्पॅच्युला बाजूला दाबत आठ आकड्यासारखी फिरवायची, म्हणजे हवा निघते. पाणी गार घेतलं की घट्ट व्हायला वेळ लागतो, कोमट घेतलं की पटकन, हे तिने स्वतः तीन वाडग्यांत करून बघितलं. उन्हाळ्यात टाकीचं पाणी तापतं म्हणून माठातलं घ्यायचं, हे डोकं तिचंच. चौथ्या दिवशी तिने प्लास्टरच्या मॉडेलवर इतकं गुळगुळीत माप काढलं की ज्युनियर डॉक्टरने स्वतःच्या दातांचं माप तिच्याकडून घ्यायला लावलं.

आणि एक सराव ज्याला गर्दीत कधीच मुहूर्त लागत नाही, इमर्जन्सी. इंजेक्शन दिल्यावर पेशंटला चक्कर आली तर खुर्ची आडवी कोण करणार, पाय वर कोण घेणार, ऑक्सिजनचा सिलिंडर कोण उघडणार, ॲम्ब्युलन्सला १०८ ला फोन कोण करणार. आम्ही महिन्यातून एकदा मंदीच्या दुपारी हे करून बघतो. पहिल्या वेळी सिलिंडरची चावी सापडायला चार मिनिटं लागली. आता चावी सिलिंडरलाच दोरीने बांधलेली असते. ॲलर्जीची मोठी रिॲक्शन आली तर मोठ्या माणसाला ॲड्रेनालिन अर्धा मिली मांडीत, हे मी आणि ज्युनियर डॉक्टरने बघायचं, पण ती ॲम्प्युल कुठल्या खणात आहे आणि एक्स्पायरी कधी आहे हे चौघांना माहीत हवं. छाती दाबायचा सराव उशीवर केला तरी चालतो, मिनिटाला १०० ते १२०, तीस दाब आणि दोन श्वास.

मशीनची कामं थोडक्यात सांगते. पेशंट कमी असले की खुर्चीच्या पाण्याच्या नळ्यांत पाणी साचून राहतं, त्यात जंतूंचा थर धरतो, म्हणून अशा दिवसांत सकाळी दोन मिनिटं पाणी सोडून देणं जास्त गरजेचं, कमी नाही. पावसाळ्यात कॉम्प्रेसरचं पाणी रोज काढा. हँडपीसला, म्हणजे दात कोरायच्या ड्रिलला, तेल द्या. अल्जिनेटचं पाकीट उघडं ठेवू नका, सर्दावतं. जवळच्या एक्स्पायरीचा माल पुढे.

शाळेतली तपासणी हाही मंदीतला चांगला दिवस असतो, पण पेशंट गोळा करायला म्हणून जाऊ नका, शिक्षकांना ते लगेच कळतं. आम्ही जवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत परीक्षा संपल्यावर गेलो. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दातांच्या मागे पक्की दाढ येते, तो दुधाचाच दात समजून आईवडील दुर्लक्ष करतात, एवढी एकच गोष्ट सांगायची ठरवली होती. बोलायचं काम मी धाकटीला दिलं. तिचा आवाज पहिल्या वर्गात फुटत नव्हता, तिसऱ्या वर्गात ती पोरांना आरशात आपापली दाढ शोधायला लावत होती. आपण पांढरा कोट घालून मागे बसायचं, हे जमवलं की स्टाफचा कणा ताठ होतो.

एवढं सगळं सांगितलं तरी मोकळा वेळ उरतोच, आणि तो उरू द्यावा. आमच्याकडे मंदीच्या आठवड्यात पाळीपाळीने एकेक जण दुपारनंतर घरी जाते, पगार पूर्ण. मावशींना नातवाच्या शाळेत जायचं असतं, ताईला बँकेत, धाकटीला झोप. साडेतीन ते चार चहा आणि भडंग, त्या वेळात मोबाईल बघा, गप्पा मारा, मी काही म्हणत नाही. काम चालू आहे असं दाखवायला कुणी फडकं हातात घेऊन उभं राहिलं की मीच खाली ठेवायला सांगते. आणि मी स्वतः केबिनमध्ये मोबाईल घेऊन बसत नाही, बाहेर ताईशेजारी खुर्ची टाकून तिने खूण केलेल्या फायली वाचते.

महापुराची गोष्ट वेगळी, तिथं यातलं काहीही करू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे. विश्रामबागेत आम्ही कोरडे होतो पण धाकटीचं घर शामरावनगरात, सगळं पाण्यात. क्लिनिक उघडं ठेवण्यात काही अर्थ नव्हता. त्या वेळी पगार आगाऊ दिला, मावशींनी क्लिनिकच्या पॅन्ट्रीत तिच्या घरच्यांसाठी चार दिवस स्वयंपाक केला, पाणी उतरल्यावर चिखल काढायला आम्ही सगळे गेलो. २०२१ ला परत तेच. अशा दिवसांत यादी, सराव, फोन यांचं नाव काढायचं नाही.

जे अजून जमलेलं नाही तेही लिहिते. प्रत्येक काम एकाच माणसाचं केलं की ते माणूस रजेवर गेल्यावर काम थांबतं. मागच्या द्राक्षाच्या हंगामात ताईच्या घरी लग्न होतं, ती १२ दिवस नव्हती आणि वही तशीच पडून राहिली, मला त्यातले तिचे संक्षेप वाचता येईनात. आता धाकटी तिच्यासोबत आठवड्यातून दोन फोन करते, ऑटोक्लेव्हच्या वहीवर मावशींच्या सहीखाली तिची सही असते. दुसरं, दोन-तीन आठवड्यांच्या वर मंदी गेली की माझाच धीर सुटायला लागतो आणि मी परत बारीकसारीक गोष्टींवर बोलायला लागते. मावशी ते ओळखतात, केबिनच्या दारात येऊन "मॅडम, चहा टाकू का" विचारतात, आणि मी उठून बाहेर जाऊन बसते.

पितृपक्षाची यादी काढायला ताई आता गणपतीच्या आधीच सुरुवात करते. यंदा वहीत तिने माझ्या नकळत एक रकाना वाढवलाय, "फोन कधी चालेल". त्यात लिहिलंय: रात्री ८ नंतर, रानातून आल्यावर. फक्त रविवारी. सुनेला करा, त्यांना ऐकू येत नाही.